अर्ध्या वाटेचं माहेर

तुमच्या घरात चुलीपाशी बसलं, की बाहेरची वाट दिसते का?

हवं तर उठून बघून या. आता चूल नसेल, गॅसची शेगडी असेल. पण ज्या जागी घरातली बाई भाकरी थापते, तिथून मान वर केली तर काय दिसतं? भिंत दिसते, की वाटेनं येणारं माणूस दिसतं? आमच्या खोऱ्यात कुठल्याही घरात जा, अगदी परवा बांधलेल्या सिमेंटच्या घरात जा. चुलीसमोर एक लहानशी खिडकी असतेच, आणि ती वाटेकडेच उघडते. तिला हैबतीची खिडकी म्हणतात. नवा पाहुणा विचारतो, हैबती कोण? मग कुणीतरी सांगायला बसतं. आज मी सांगते.

फार वर्षांपूर्वी, या डोंगरात अजून रस्ता आला नव्हता आणि मीठसुद्धा बैलांच्या पाठीवरून यायचं, तेव्हा पिंपळसोंड गावात हैबती नावाचा गवंडी राहत होता. नुसतं गवंडी म्हटलं तर त्याला कमी म्हटल्यासारखं होईल. तो घर आधी मनात बांधायचा आणि मग जमिनीवर. दगड हातात घेतला, की तो कुठल्या अंगानं बसायला राजी आहे ते हैबतीला कळायचं, असं म्हणतात. त्यानं रचलेल्या भिंतीत सुईचं टोक शिरत नसे. त्याचा आवाजही तसाच भरभक्कम होता. परांचीच्या बांबूंवर उभं राहून त्यानं "चुना आणाऽऽ" अशी हाक दिली, की शेजारच्या गावातली माणसं चुना कालवायला घ्यायची, असं लोक हसून सांगत.

हैबतीची बायको लवकर वारली. मागं एक लेक राहिली, सगुणा. बाप जिथं काम घेईल तिथं सगुणा. दगडांच्या ढिगाऱ्याशेजारी ती वाढली. तिचा खेळ एकच होता. चुलीतली राख मुठीत घ्यायची आणि अंगणात घर आखायचं. ही ओसरी, ही माजघराची भिंत, ही चूल, हे दार. हैबती कामावरून दमून यायचा आणि सरळ चालत आत जायचा.

"बा, थांब! भिंतीतनं आलास तू!"

"बरं बाई, चुकलं."

"मागं जा. दारातनं ये."

आणि ज्याच्या भिंतीपुढं मोठमोठे लोक माना डोलवत, तो हैबती मागं जाऊन राखेच्या दारातून वाकून आत यायचा.

सगुणा मोठी झाली. तिला मागणी आली ती डोंगरापलीकडून, करंजवणच्या अंबूबाईच्या घरून. अंबूबाई विधवा होती आणि चुन्याची भट्टी एकटी चालवायची. तिच्या भट्टीचा चुना साऱ्या मुलखात जायचा. तिचा एकुलता एक मुलगा चुन्याच्या गोण्या बैलांवर लादून बारा महिने फिरतीवर असे. आईपुढं तो ब्र काढत नसे. अंबूबाई सगुणेला बघायला आली, तिनं पोरीचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि हैबतीला म्हणाली, "ईवाई, मला हुंडा नको, भांडीकुंडी नको. माझं घर बांधून दे. असं बांध, की खोऱ्यात दुसरं नसावं."

हैबतीला आणखी काय हवं होतं? लेकीचंच घर, आपल्याच हातानं. त्यानं विचारलं, "सांगा विहीणबाई, कसं पायजे?"

"चूल पार आत पायजे. पाण्याचा आड मागल्या अंगणात, जातं आतच. आणि चुलीच्या खोलीला वाटंच्या अंगाला भोक नको. बाईची नजर वाटंला लागली, की हात भाकरीवरनं सुटतो."

दुसरा कुणी बाप असता तर त्याच्या मनात काहीतरी हललं असतं. पण हैबती तेव्हा बाप नव्हता, गवंडी होता. एकही भोक नसलेली, एकसंध, किल्ल्याच्या तटासारखी जाड भिंत त्याच्या मनात कितीतरी वर्षं उभी होती. आजवर कुणी तशी मागितली नव्हती. प्रत्येकाला कुठं ना कुठं खिडकी हवी असे, कोनाडा हवा असे. अंबूबाईनं त्याच्या मनातली भिंत मागितली.

भट्टीचा धूर गावाला नको म्हणून करंजवणची भट्टी गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी होती. तिथंच हैबतीनं घर उभं केलं. एक दिवस सगुणा बापासाठी भाकरी घेऊन गेली. भिंत डोक्याच्या वर गेली होती. ती आत जाऊन उभी राहिली.

"बा, चूल हितं?"

"व्हय."

"मग हितनं काय दिसणार?"

"भित दिसंल की! बापानं रचल्याली."

सगुणा हसली नाही. "एक झरोका ठेव ना. मूठभर."

"वेडी का काय तू! असल्या भितीला भोक पाडायचं म्हंजे पैठणीला ठिगळ लावायचं."

तिनं भिंतीवरून एकदा तळवा फिरवला. हैबतीनं विहिणीला विचारलं होतं, होणाऱ्या जावयाला विचारलं होतं, दगडालासुद्धा विचारलं होतं. ज्या पोरीला तिथं जन्म काढायचा होता, तिला विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. तिनं आपण होऊन सांगितलं तेही त्याला ऐकू आलं नाही. असं म्हणतात, की भिंत पुरी झाली त्या दिवशी हैबती तिच्यासमोर सांजेपर्यंत बसून राहिला होता, इतकी ती त्याला सुंदर वाटली.

लग्न झालं. पुढं श्रावण लागला. श्रावणात पंचमीच्या आधी माहेरचं माणूस लेकीला न्यायला जातं. त्याला मुराळी म्हणतात. सगुणेला भाऊ नव्हता, म्हणून हैबतीच मुराळी झाला. लाह्या आणि तंबिटाचे लाडू फडक्यात बांधून तो खिंड चढला, खिंड उतरला आणि भट्टीवरच्या घराच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

अंबूबाई ओसरीवर बसली होती. म्हणाली, "ईवाई, यंदा भट्टी लागलीया. हात कमी पडत्यात. फुडच्या पंचमीला न्या."

पुढच्या पंचमीला तो गेला. अंबूबाई म्हणाली, "ती न्हाई म्हणती यायचं."

"माझी सगुणा न्हाई म्हणती?"

"मग मी लबाड बोलती व्हय?"

"घटकाभर भाईर तर बोलवा तिला."

"कामात हाय. तिनंच सांगितलंय, बाला म्हणावं जा माघारी."

हैबतीनं अंगणातून हाक मारली. "सगुणेऽऽ!" भट्टीवरचे पारवे उडाले. डोंगरानं हाक परत दिली. घरातून काही आलं नाही. तो उभा राहिला, पुन्हा हाक मारली, पुन्हा उभा राहिला. मग त्याला वाटलं, पोर रागावली. एवढ्या मोठ्या घरात गेली, आता बापाची खोपटी तिला आठवत नसेल. लाडवांचं फडकं त्यानं तसंच परत आणलं आणि वाटेत गुराख्यांच्या पोरांना वाटून टाकलं.

अशा काही पंचम्या गेल्या. मग एक दिवस पिंपळसोंडात हौसा कासारीण आली. कासारणीला कुणाच्याही घरात अगदी चुलीपर्यंत जाता येतं. बांगड्या भरायला ती करंजवणलाही जायची. तिनं हैबतीला पाहिलं आणि डोक्यावरची पेटी न उतरवताच म्हणाली, "हैबतीदादा, तुझी लेक म्हणती, बानं मला टाकलं."

"मी टाकलं? तीच येत न्हाई."

"ती तर म्हणती, बा एकदा बी आला न्हाई. मी म्हटलं, अगं, येतो की दरसाली, साऱ्या मुलखाला ठावं हाय. तर म्हणती कशी, हौसाक्का, उगं माझी समजूत काढू नगंस. माझ्या बाच्या हाकंनं शेजारचं गाव उठतं. त्यो अंगणात येऊन हाका मारल, आन् भितीआड असून मला ऐकू यायची न्हाई?"

हौसाला वाटलं, हैबती आता रागानं काहीतरी बोलेल. पण तो खाली बसला. त्याला आपली भिंत आठवली. सुईचं टोक न शिरणारी, कधी कुणी बांधली नसेल अशी, लेकीसाठी बांधलेली.

त्याच आठवड्यात तो करंजवणला गेला. या खेपेला त्याच्या खांद्यावर पहार होती. अंबूबाईनं ते पाहिलं. ती घाबरली नाही. ओसरीवरून उतरून ती भिंतीपाशी आली आणि बाजूला सरून उभी राहिली.

"फोड," ती म्हणाली. "दगड तुझंच हाईत. पर ध्येनात ठेव, भित फोडून नेल्याली लेक परत नांदाया येत न्हाई. माझ्या उंबऱ्याच्या आत तरी न्हाई."

त्या काळी या बोलण्याचा अर्थ कुठल्याही बापाला समजत असे. हैबतीनं पहार खाली ठेवली. तो भिंतीजवळ गेला, दगडाला तोंड लावून त्यानं सगुणेला हाक मारली आणि मग कान लावला. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या भिंतीला नव्हते. त्यानंतर अंबूबाईनं कासारणीलाही आत जाऊ दिलं नाही. सुनेला ओसरीवर बसवायची, स्वतः शेजारी बसायची आणि बांगड्या भरून झाल्या की लगेच आत पाठवायची.

हैबतीनं काम सोडलं. थापी आणि ओळंबा त्यानं आढ्याला टांगून ठेवला. लोक बोलवायला येत आणि तो मानेनंच नाही म्हणे. पण एका वर्षी ओढ्याला पूर आला आणि खालच्या वस्तीतलं एक घर वाहून गेलं. त्या घरचे लोक दारात येऊन बसले, उठेचनात. हैबती चुलीपाशी बसला होता. असं म्हणतात, की त्याचा हात सहज राखेत गेला आणि त्यानं नकळत जमिनीवर एक रेघ ओढली. रेघेपुढं रेघ ओढली. मग दाराची जागा सोडली. तो बराच वेळ त्या जागेकडं बघत राहिला आणि मग उठला. राखेनं भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन तो त्या लोकांच्या मागून चालू लागला.

वस्तीवर जाऊन त्यानं मोकळ्या जागेत राखेनं सगळं घर आखलं आणि म्हणाला, "ऱ्हावा आता ह्यात."

घरधनी म्हणाला, "ऱ्हावा म्हंजे?"

"सैपाक करा, जेवा, निजा, भांडा. मग सांगीन पाया कुठं घ्यायचा ते."

सारी वस्ती बघायला जमली. कुणी म्हणे, "हैबती, जरा जपून, तुझी भित वाऱ्यानं उडाली!" कुणी म्हणे, "पाहुणं आलं तर कडी कुठं वाजवायची?" पण त्या घरची माणसं राखेच्या घरात राहू लागली आणि मग गंमत झाली. थोरली जाऊ धाकटीवर ओरडली, "अगं ए, ती भित हाय! दारानं जा की!" धाकटी म्हणाली, "दारात तुमीच बसलायसा, जाऊ कुठनं?" सासू म्हणाली, "माझी वाकळ चुलीच्या धुरात येतीया, त्यो कोपरा मला नगो." हैबती एका दगडावर बसून सगळं ऐकायचा. एक रेघ पुसायचा, दुसरी ओढायचा. आणि चुलीपाशी बसलेली बाई काम करता करता ज्या दिशेला सारखी मान वर करून बघायची, तिथं तो एक दगड ठेवायचा. घर उभं राहिलं तेव्हा त्या दगडाच्या जागी खिडकी होती.

मग हैबतीला साऱ्या खोऱ्यातून बोलावणी येऊ लागली. तो सगळीकडं राखेचं टोपलं घेऊन जायचा. आधी तो आपल्या मनातलं घर बांधायचा, आता दुसऱ्यांच्या मनातलं घर शोधू लागला. मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या बायकांबरोबर तो चालला आणि त्यानं वाटेच्या वळणावर डोक्याइतक्या उंचीचे कट्टे बांधले, कारण मोळी उतरवायला आणि परत डोक्यावर चढवायला दुसऱ्याचे हात लागत, आणि एकट्या बाईला ते कुठून मिळणार? एका म्हाताऱ्याला दिवसभर ऊन हवं होतं, तर त्याच्या ओसरीला त्यानं अशी वळणं दिली की ऊन त्याच्याबरोबर सरकायचं. मेंढक्यांसाठी त्यानं पावसाळी मेंढवाडे बांधले, त्यांत कोकरांना निजायला उबदार कोपरा होता. आणि प्रत्येक घरात चुलीसमोर ती खिडकी. असं म्हणतात, की त्या खिडकीतून माहेरचं माणूस डोंगरापलीकडं असतानाच दिसायचं. आधी बाईचा हात थांबायचा, मग तिला हसू यायचं, आणि मग पुष्कळ वेळानं खरोखरच वळणावर तिच्या भावाचं मुंडासं दिसायचं.

सगळ्यांच्या लेकींना वाट दिसू लागली. हैबतीच्या लेकीला नाही. दर श्रावणात तो करंजवणला जायचा, अंगणात उभा राहायचा आणि "न्हाई" ऐकून परत यायचा. चुन्याच्या धुळीनं हळूहळू त्याचा आवाज बसला. मग तो हाकही मारीनासा झाला. नुसता उभा राहायचा.

म्हातारपणी एकदा असाच परत येताना तो खिंडीत टेकला. इकडं खाली पिंपळसोंड, तिकडं खाली करंजवणच्या भट्टीचा धूर. त्याच्याबरोबर हौसा होती, आता तीही म्हातारी झाली होती. हैबती घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हौसा, लेक माहेरी येऊ शकत न्हाई. पर माहेर तर निम्म्या वाटंवर येऊ शकतं की."

हौसानं खोऱ्यातल्या गावागावांतून बांगड्या भरता भरता ही गोष्ट सांगितली. मग ठरल्या दिवशी हैबती राखेचं टोपलं घेऊन खिंडीत आला, तर तिथं बायका जमलेल्या. त्यानं वाडीवाडीत बांधलेल्या घरांतल्या बायका, काही लेकुरवाळ्या, काही काठी टेकत आलेल्या. हैबतीनं राखेची रेघ ओढली, आणि खिंडीतल्या वाऱ्यानं ती उडवून नेली. पुन्हा ओढली, पुन्हा उडाली. हैबती टोपल्याकडं बघत उभा राहिला. तेव्हा एक बाई पुढं झाली आणि रेघेच्या जागी उभी राहिली.

"काका, रेघ राहू द्या. मी हाय की भित."

तिच्या हाताला दुसरीनं हात दिला, दुसरीच्या हाताला तिसरीनं. बघता बघता बायकांच्याच भिंती झाल्या. एक म्हातारी मधे बसली आणि म्हणाली, "मी चूल." सगळ्या हसल्या. हैबती त्या जिवंत घरातून फिरला. कुणी म्हणाली, चूल पुढंच पाहिजे, आतल्या अंधारात नको. कुणी म्हणाली, दाराला कडी नको, कुलूप तर नकोच, कुणी कधीही येईल. बाळंतिणीला आडोसा पाहिजे. रडायला एक कोपरा पाहिजे, तिथं कुणी काही विचारायला यायचं नाही. हैबतीनं सगळ्यांचं ऐकलं. ते घर त्याच्या एकट्याच्या मनात कधीच आलं नसतं, असं तो म्हणायचा म्हणतात.

मग दगड. प्रत्येक बाईनं आपल्या गावचा एक दगड ओटीत घालून वर आणला. आधी पुरुष चेष्टा करत होते, "हैबतीचं घर उठतंय आन् आमच्या चुली निजल्यात." पण तुळया काही ओटीतून येत नाहीत. तेव्हा त्यांनीही हळूच खांदे लावले. असं म्हणतात, की हैबती थकून बसला, तर ते दगड आपणहून कलते व्हायचे आणि जागा शोधायचे, कारण ओटीत आलेल्या दगडाला आपलं घर कळतं.

घर पुरं झालं ते पंचमीच्या दिवशी. पंचमीला तवा ठेवत नाहीत, चिरत नाहीत, कापत नाहीत. बायकांना रिकामपण होतं. सगळ्या नवी लुगडी नेसून खिंडीत आल्या, झोके बांधले, फेर धरला. दिवस कलला. हैबती चुलीसमोरच्या खिडकीशी गेला. त्या खिडकीतून सरळ खाली करंजवणच्या भट्टीचा धूर दिसत होता, आणि धुराशेजारी त्याची ती भिंत. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. त्यानं पुन्हा छातीत वारा भरून घेतला. नुसता वाराच बाहेर आला.

फेर थांबला. बायका बघत राहिल्या. मग हौसा म्हणाली, "सर बाजूला, दादा. ह्यो आवाज आमचा."

आणि सगळ्या बायका उंबऱ्यापुढं, दरडीच्या काठावर उभ्या राहिल्या आणि एका श्वासात त्यांनी हाक दिली.

"सगुणेऽऽ! तुझा बा आलाय गंऽऽ!"

डोंगरांनी ती हाक झेलली आणि एकमेकांकडं दिली. एकदा दिलेली हाक पुन्हा दिली. मग कुणाला तरी आपली न आलेली बहीण आठवली, तिनं तिच्या नावानं हाक दिली. दुसरीनं आपल्या लेकीला, तिसरीनं बाळपणीच्या मैत्रिणीला. सांजेच्या उजेडात साऱ्या खोऱ्यावर लेकींची नावं उडत होती. गर्दीत एक फार म्हातारी बाई होती, करंजवणच्याही पलीकडच्या गावची. ती थरथरत पुढं आली आणि तिनं हाक मारली, "अंबेऽऽ! ए अंबेऽऽ!"

खाली भट्टीवरच्या घरात सगुणा चुलीपुढं बसली होती. असं म्हणतात, की त्या घडीला भिंतीतला दगड न् दगड निवळला, पाण्यासारखा. जिच्यातून इतकी वर्षं काही आलं नव्हतं, तिच्यातून ते सगळे आवाज आत आले. सगुणेच्या हातातली पळी तशीच राहिली.

पलीकडं वाकळेवर पडलेली अंबूबाई उठून बसली. तिला आता नीट दिसत नव्हतं.

"मला हाक मारली कुणी?"

सगुणेनं पळी खाली ठेवली.

"अंबे म्हणून मारली," अंबूबाई म्हणाली. "अंबे म्हणणारं कुणी जितं हाय? ह्यो तर ताईचा आवाज."

सगुणा म्हणाली, "मला बी हाक आली, आत्याबाई. बा आलाय म्हणून."

"आली."

"माझा बा कधी आला हुता?"

अंबूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "दरसाली," ती म्हणाली. "गेल्या पंचमीला बी. मी नवी नवरी हुते तवा खिडकीशी बसायची. माहेरचं आत्ता येतील, मग येतील. कुणी आलं न्हाई. वाट बघून बघून मी वाळून गेले. म्हणून तुझ्या चुलीला खिडकी नगो म्हटलं. म्हटलं, वाटच दिसली न्हाई तर पोरगी सुखानं नांदंल. आन् तुझा बा आला. पयल्याच वर्षाला आला. माझ्यासाठी कुणी आलं न्हाई आन् तुझ्यासाठी आला, ते मला बघवंना."

हे बोलणं अंबूबाईनंच पुढं लोकांना सांगितलं, असं म्हणतात, नाहीतर बंद घरातलं ते कुणाला कळणार होतं?

खिंडीतलं घर अजून आहे. पुढं कितीदा छप्पर बदललं, भिंती त्याच आहेत. त्याला अर्ध्या वाटेचं माहेर म्हणतात. दाराला अजून कडी नाही. ज्या लेकीचे आईबाप गेले, जिला भावानं दार लावून घेतलं, ती तिथं येते, राहते, मन निवलं की जाते. कुणी काही विचारत नाही. जाताना चुलीजवळ पुढच्या बाईसाठी सरपण ठेवते. आमच्या खोऱ्यात आजही नवं घर बांधायचं तर आधी राखेनं आखतात आणि घरच्या बाईला त्यात एक दिवस स्वयंपाक करू देतात. शहरातून नकाशा आला तरी करू देतात, आणि ती म्हणेल तिथं रेघ सरकवतात. आणि दर पंचमीला, दिवस कलताना, बायका खिंडीच्या दरडीवर उभ्या राहतात आणि ज्या आल्या नाहीत त्यांच्या नावानं हाका मारतात. मुंबईला गेलेल्यांच्या नावानं मारतात, परदेशी गेलेल्यांच्या मारतात. ज्या आता या जगात नाहीत, त्यांच्याही मारतात. मग थोडा वेळ सगळ्या गप्प उभ्या राहतात. मीही उभी राहते. काय ऐकू येईल म्हणून उभ्या राहतो, ते आम्हाला सांगता येत नाही.

त्या पहिल्या पंचमीला हाका मारून झाल्यावर बायका आपापल्या गावी उतरल्या. हैबती मात्र गेला नाही. तो खिंडीतल्या घरातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा सासूला हाताला धरून खिंड चढून आली. तिचे केस पांढरे झाले होते, म्हणून हैबतीनं तिला आधी ओळखलं नाही. तिनं त्याला ओळखलं. मग तिनं चूल पेटवली, तवा ठेवला आणि बापाला भाकरी करून वाढली.